तुलनेसाठी ठेवलेली वाडी

लवकर पिकणारी हळवी भातं कापून झाली आणि आज संध्याकाळी खिडकी लावताना अंगावर शिरशिरी आली. दिवसभर कातळ तापलेला आणि दिवेलागणीला अचानक हा गारवा. रत्नागिरीकडच्या बायका या दिवसांत एकमेकींना अजून विचारतात, "घरात कुणाला हिंव नाही ना भरलं?" हिवताप आता पूर्वीसारखा राहिला नाही, विचारायची सवय तेवढी राहिली.

माझ्या भाचीची मुलगी रोहिणी मुंबईला एम.एस्सी. करते. सुट्टीत ती अभ्यासाला माझ्याकडे येते. तिला संशोधन पद्धती नावाचा एक स्वतंत्र विषय आहे. जीवशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या मुलांना त्यातली बरीच प्रकरणं सारखीच असतात म्हणे. काल तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू विचार, मी सांगते."

"तुलनेचा गट म्हणजे काय?" मी विचारलं.

"ज्याच्यावर प्रयोग करायचा नाही तो गट. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि त्याला नुसतं पाहायचं."

"आणि त्यातल्या माणसांना काय सांगायचं?"

मी पुस्तकातूनच वाचते आहे असं तिला वाटलं. तिने पान उलटून पाहिलं. "असा प्रश्न यात नाहीये, मावशीआजी."

नाही, तो नसणारच. आमच्या वेळी तर पुस्तकही नव्हतं. होते फक्त सर.

एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. मी मुंबईला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. खिडकीपाशी आमचं बाक, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि फॉर्मॅलिनच्या वासाने डबा खायची इच्छा मेलेली. आमचे सर उंच, किडकिडीत, स्वभावाने अतिशय मऊ. निसर्गाला प्रश्न कसा विचारावा यावर ते शनिवारी बोलायचे आणि त्या व्याख्यानाला समाजशास्त्राचे विद्यार्थीही येऊन बसायचे. सर म्हणायचे, "एक गोष्ट बदला. बाकी सगळं सारखं ठेवा. मग जो फरक दिसेल तो त्या एका गोष्टीचा." एकदा मागून कुणीतरी विचारलं, "सर, माणसं सारखी कशी ठेवायची?" सगळे हसले. सरही हसले. विचारणारे देशपांडे होते, साताऱ्याकडचे, समाजशास्त्राच्या एम.ए.ला. पुढे तेच देशपांडे त्यांच्या प्रबंधासाठी आमच्या भागात आले. पुरुष मुंबईला गिरणीत आणि बायका गावी शेतात, अशा घरांचा त्यांना अभ्यास करायचा होता.

मी रत्नागिरीला परतले ती माझ्या प्रबंधासाठी आणि खरं म्हणजे भाऊंसाठीही. भाऊ म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते घरात एकटेच होते. मुलीला एवढं शिकवल्याबद्दल त्यांना आळीतून बरंच ऐकावं लागलं होतं. ते ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी मला विचारायचे, "इंदू, आज काय पाहिलंस?"

पाहायचं होतं ते असं. आमच्या तळ्यांमध्ये बोटाच्या पेराएवढे मासे असतात. त्यांच्या डोक्यावर चांदीचा टिकला असतो आणि ते पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतात. डासांच्या अळ्या हे त्यांचं खाणं. हे मासे विहिरींत सोडले तर गावातला हिवताप कमी होतो का? लांज्याच्या रस्त्याला, कातळाचा सडा उतरला की लागणाऱ्या एका गावात दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हीकडे तीच कुळवाड्यांची शेतकरी घरं, तीच कौलं, तेच भात, जांभ्यात खोदलेल्या तशाच विहिरी. तिथे विहिरीला बाव म्हणतात. एका वाडीच्या बावींत मासे सोडायचे आणि दुसरी वाडी तुलनेसाठी ठेवायची. ताप आलेल्याला क्विनाइन दोन्हीकडे द्यायचं, त्यात भेद नाही. भेद फक्त माशांचा.

कुठल्या वाडीत मासे सोडायचे हे मनाने ठरवायचं नाही, चिठ्ठी काढायची, असं सरांनी बजावलं होतं. "माणूस आवडत्याला निवडतो आणि मग प्रयोग बिघडतो." म्हणून गणपती गेल्यावर गावच्या देवळासमोर, भाऊंच्या टोपीत दोन चिठ्ठ्या टाकून मी एक उचलली. वरची वाडी निघाली. जमलेल्या लोकांना ते मुळीच नवं नव्हतं. देवापुढे कौल लावणारी माणसं ती. वरच्या वाडीला कौल मिळाला म्हणाली आणि पांगली. खालच्या वाडीची माणसं तक्रार न करता घाटीची पायवाट उतरून गेली. त्यांच्या पाठी मला आजही दिसतात.

मासे आम्ही देवळाच्या तळीतूनच धरले. जुन्या धोतराचं फडकं दोघांनी पाण्यात धरायचं, हळूच वर उचलायचं, की फडक्यात चांदणं सांडल्यासारखं व्हायचं. कळशीत भरून ते वरच्या वाडीला नेले. बाया बावीभोवती वाकून पाहत होत्या. "मासा हाय तर पानी जितं," एक म्हातारी म्हणाली. मला फार आनंद झाला. बावीवरचा तो आनंद मी लपवायला हवा होता असं आता वाटतं, कारण गर्दीत खालच्या वाडीच्या बायाही होत्या.

त्यात द्वारका होती.

द्वारका वयाने माझ्याएवढीच. नवरा मुंबईला गिरणीत, घरात सासू आणि एक लहान मुलगी. पुन्हा दिवस गेलेले. तापाचा हंगाम सुरू होण्याआधी मी दोन्ही वाड्यांतल्या मुलांची पानथरी, म्हणजे प्लीहा, तपासत होते. वारंवार ताप येणाऱ्या मुलाची पानथरी सुजते. मुलाला आडवं निजवून डाव्या फासळीखाली बोटं ठेवायची आणि त्याला श्वास घ्यायला सांगायचं. श्वासाबरोबर आतून एक कठीण कड येऊन बोटांना टेकते. द्वारकेच्या मुलीची कड फासळीच्या पुष्कळ खाली आली होती. पोर गुदगुल्या होऊन हसत होती आणि तिच्या हसण्याबरोबर ती कड माझ्या बोटांवर आपटत होती.

"काय लागतंय हाताला?" द्वारकेने विचारलं.

"पानथरी वाढली आहे. ताप येतो ना हिला?"

"भात पिकायच्या दिसांत सगल्यानाच येतो." मग ती म्हणाली, "बाय, आमच्या बावीत मासं कदी सोडशाल?"

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं. "यंदा तुमची वाडी तशीच ठेवायची आहे."

"तशीच म्हंजे?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. दोन सारख्या वाड्या, एक गोष्ट बदलायची, मग फरक पाहायचा. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"म्हंजे आमाना ताप आला, तर तुमाना कलनार मासं चांगलं."

शनिवारच्या व्याख्यानात हे इतक्या थोड्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. मी पाणी मागितलं. तिने तांब्या भरून आणला. पाणी त्याच बावीचं होतं आणि मी ते प्यायले.

देशपांडे त्या दिवसांत गावच्या शाळेत उतरले होते. दुपारी ते घराघरांत जाऊन बायांशी बोलायचे. आमची बोली त्यांना अर्धीच कळायची आणि त्यांची देशावरची भाषा बायांना हसू आणायची. त्यांनाही त्यांच्या प्राध्यापकांनी एकच मंत्र दिला होता: उत्तर सुचवू नका, मध्ये पडू नका, ऐका. बाया मात्र त्यांनाच विचारायच्या, "तुमी मुंबयसून आलाव, आमचं मानूस दिसलं का कुठं?" हे बिचारे मान हलवायचे.

एकदा देवळाच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "तुमचं बरं आहे. तुमच्या अळ्या तरी तुम्हाला काही मागत नाहीत."

"अळ्या नाही मागत. बाया मागतात."

"मग?"

"मग काय? माझ्या हातात काय आहे?"

"कळशी आहे," देशपांडे म्हणाले. मग घाईने म्हणाले, "नाही, मी सुचवत नाहीये. सुचवायचं नसतं आम्हाला." आम्ही दोघं हसलो, पण ते हसू लगेच विझलं.

भातं निसवली. दुपारी सडा असा तापायचा की घाटी चढताना वहाणेतून चटका लागावा. गवत पिवळं पडलं. आणि हिंव सुरू झालं. खालच्या वाडीत आधी. कापणीला वाकलेला माणूस विळा टाकून बांधावर बसायचा, दात वाजायला लागायचे, आणि घरची माणसं त्याच्यावर घोंगडी, पोती, जे सापडेल ते टाकायची. मी क्विनाइन घेऊन जायचे. लोक तोंड कडू करून घ्यायचे. द्वारकेने मात्र तोंड फिरवलं. पोटुशीने क्विनाइन घेतलं तर पोर पडतं, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. मी सांगून पाहिलं, शहरातल्या डॉक्टरांचा हवाला दिला. तिची सासू हात जोडून म्हणाली, "बाय, तेवडं सोडून दुसरं काय असंल तर द्यावा."

दुसरं म्हणजे मासे. ते देवळाच्या तळीत होते, हाक मारण्याच्या अंतरावर.

पावसाळ्यात बंद असलेल्या आगबोटी तोवर सुरू झाल्या होत्या. सर मुद्दाम काम पाहायला आले. पडावातून उतरताना त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, तरी आनंदात होते. दोन्ही वाड्या त्यांनी फिरून पाहिल्या. वरच्या बावींतून पळीने पाणी घेऊन पाहिलं, एकही अळी नाही. खालच्या बावीत पळी घातली तर अळ्या पाण्याच्या पाठीवर आडव्या, काडीच्या तुकड्यांसारख्या. "उत्तम," ते म्हणाले. पोरं भोवती उभी होती.

परतताना सड्यावर मी त्यांना विचारलं, "सर, आता फरक दिसतोच आहे. खालच्या बावींत मासे सोडू का?"

ते थांबले. "फरक अळ्यांत दिसतो आहे. तापात दिसला का अजून?"

"खालच्या वाडीत ताप आधी सुरू झाला."

"आधी म्हणजे जास्त नव्हे. हंगाम संपू द्या, मिस आपटे."

"सर, एक गरोदर बाई आहे तिथे. क्विनाइन घेत नाही."

सरांनी टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले, "तुम्ही आज तिच्या बावीत मासे सोडाल. उद्या सगळ्या जिल्ह्यातल्या बावींत सोडायचे की नाही, हे कोण सांगणार? तिथेही गरोदर बाया आहेत. त्या तुम्हाला दिसत नाहीत, एवढंच."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अजूनही मला ते बरोबर वाटतं. माझ्याशी कुणी वाईट वागलं असतं, कुणी खोटं बोललं असतं, तर मला भांडता आलं असतं. आगबोटीवर चढताना त्यांनी भाऊंना सांगितलं, "तुमची मुलगी फार चांगलं काम करते आहे." भाऊंचा चेहरा खुलला.

त्यानंतर खालच्या वाडीत गेले तेव्हा द्वारका खळं सारवत होती. हात शेणात, पोट जड, बोलताना धाप.

"सायेब काय बोलले?"

"थांबायला सांगितलं."

ती सारवत राहिली. मग हात न थांबवता म्हणाली, "बाय, आमच्यात कौल मनासारका नाय मिलाला तर परत लावतात. देवाला राग येत नाय. तुमच्यात चालत नाय का?"

मी तिथून उठले आणि सरळ तळीवर गेले. देशपांडे शाळेच्या पडवीत बसले होते. माझ्या हातातली कळशी पाहून ते काही न विचारता उठले आणि फडक्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आम्ही खालच्या वाडीच्या सगळ्या बावींत मासे सोडले. द्वारका बावीच्या कडेला बसून होती. मासे कळशीतून पडले, क्षणभर खोल गेले आणि चांदीचे टिकले एकेक करून वर आले. ती नुसती बघत होती. सुटले, असं मला वाटलं. हातून काहीतरी बरं झालं, असं वाटलं.

सरांना मी सगळं कळवलं. "समजलो. प्रयोग संपला," एवढंच त्यांचं उत्तर आलं. पुढे काही रागाचं नव्हतं.

आणि मग वरच्या वाडीत ताप आला.

माशांच्या वाडीत. जिथल्या बावी गणपतीपासून निवळशंख होत्या तिथे. आधी एक घर, मग शेजारचं, मग सगळी ओळ. खालच्या वाडीत चालूच होता. मी वेड्यासारखी बावी पाहत फिरले. कुठेही अळी नाही. संध्याकाळी घरांच्या कुडाला मात्र डास बसलेले, शेपूट वर करून, हिवतापाचे डास बसतात तसे. कुठून येत होते ते? भातखाचरांतून, की वाडीच्या अंगाने वाहणाऱ्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून? आमचे पऱ्ये पावसानंतर बारीक होतात, दगडांच्या कडेने स्वच्छ पाणी नुसतं सरकत असतं. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की डोंगराळ मुलखातला हिवतापाचा डास असल्याच पाण्यात होतो. त्यावेळी मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी वाहत्या पऱ्यात मी काय सोडणार होते?

कदाचित मासे निरुपयोगी होते. कदाचित ते नसते तर वरच्या वाडीत याहून भयंकर ताप आला असता. हे सांगायलाच तर दुसरी वाडी ठेवली होती आणि ती आता राहिली नव्हती. मला काहीही म्हणता येत नव्हतं. होय म्हणता येत नव्हतं आणि नाहीही.

द्वारकेला हिंव भरलं ते भात झोडायच्या वेळी. मी गेले तेव्हा ती पडवीत घोंगड्यांखाली होती आणि घोंगड्या हलत होत्या. सासूने माझ्याकडे पाहिलं, पण यावेळी काही मागितलं नाही. मी नुसती बसले. तिचे पाय धरून बसले, कारण ते फार थरथरत होते. बाहेर खळ्यावर भात झोडल्याचा धपधप आवाज, हवेत पेंढ्याचा कूस, आणि द्वारकेची मुलगी भाऱ्यांच्या उडवीभोवती पळत होती. तापात द्वारकेने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "मासं हायत ना बावीत?"

"आहेत."

"मग बेस."

मूल वेळेआधी झालं. मुलगा होता. रडला नाही म्हणे. घाटीखालच्या काजूजवळ त्याला पुरलं. नवऱ्याला मुंबईला कळवायचं पत्र देशपांड्यांनी लिहिलं. फडकं धरलं ते सोडलं, तर एवढे दिवस त्यांनी कुणासाठी काही केलं नव्हतं, आणि हे करताना त्यांचं अक्षर इतकं बिघडलं की त्यांना कागद बदलावा लागला.

देशपांडे त्यांचा प्रबंध पुरा करून एम.ए. झाले. मला त्यांनी छापील प्रत पाठवली. चांगला होता. माझा प्रबंध झाला नाही. दुसरा विषय घ्या, असं सरांनी मनापासून सुचवलं होतं. भाऊंनी मुंबईला परत जायचा आग्रह धरला. पण मला सूक्ष्मदर्शकाशी बसवेना. इथल्याच मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तिथेच जन्म गेला. मुलींना बेडूक, पान, फुलाचे भाग शिकवले. प्रयोग शिकवताना मात्र माझा आवाज चिरका व्हायचा. मुली एकमेकींकडे पाहायच्या. लग्नाचं विचाराल तर ते राहिलं, त्याचा याच्याशी संबंध जोडू नये.

कापणीचा तो हंगाम संपल्यावर एकदा द्वारका आमच्या घरी आली होती. गावातल्या कुणाच्या तरी गाडीतून, बरी होऊन, पण चेहऱ्यावर तापाची पिवळी कळा तशीच. सासूने दिलेले नव्या भाताचे पोहे पदरातून काढून तिने भाऊंच्या पुढे ठेवले. पायरीवर बसली. मी तिला वर ये म्हटलं, ती आली नाही. मुलीची चौकशी झाली, नवऱ्याची झाली. शिमग्याला येनार म्हनतो, असं म्हणाली. मुलाचं कुणीच बोललं नाही.

निघायच्या वेळी ती उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोर गेलं ता गेलं. देवाचं व्हतं. पन वाडीत बोलतात, बावीत मासं नसतं तर द्वारकी पन गेली असती. खरं ना, बाय?"

भाऊ माझ्याकडे पाहत होते. ती माझ्याकडे पाहत होती. अंगणात ऊन होतं. त्या एका प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. त्यासाठीच मला शिकवलं होतं, त्यासाठीच मी त्या वाड्यांत गेले होते, आणि साऱ्या रत्नागिरीत ते फक्त मलाच विचारता येण्यासारखं होतं.

"बोल ना," द्वारका म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्याशी एकेरीत बोलली.